जुना टू-इन-वन सापडलाय, घेऊ का?

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की जुन्या सामानाच्या दुकानात मिळालेला एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला स्टीरिओ मी दुरुस्त करत बसलेय, तर त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळी दुसरा विषय घेतच नाहीये. सगळ्यांची उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून ज्या अडचणी बऱ्याच जणांच्या सारख्या निघाल्या त्याच घेतल्यात. काही ठिकाणी लांबण लागलीये, कारण तिथे घाई केली की चांगलं मशीन हातचं जातं आणि तसं झालेलं मी पाहिलंय.

प्रश्न : ताई, दुकानात पंखे आणि इस्त्र्यांच्या मागे एक मोठा स्टीरिओ टू-इन-वन दिसला. दोन्ही बाजूला स्पीकर, मधे कॅसेटचा कप्पा, वर हँडल, सुया हलतात ते मीटरपण आहेत. दुकानदार म्हणतो चालू आहे, रेडिओ लावून दाखवला तर खरखर करत वाजला. कॅसेट नव्हती म्हणून टेप बघता आला नाही. दोन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये. घ्यायच्या आधी काय काय बघू?

उत्तर : डोक्यातून जात नसेल तर परत जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. अशा दुकानात 'चालू आहे' म्हणजे एवढंच, की वायर लावली, लाइट लागला आणि काहीतरी आवाज आला. दुकानदार खोटं बोलत असतो असं नाही हो, त्याच्याकडे शंभर वस्तू असतात आणि तपासायला कॅसेट नसते. म्हणून एक कॅसेट आपली न्या. गाणी तोंडपाठ असलेली, पण मशीनने खाल्ली तरी रडू येणार नाही अशी. ९० मिनिटांची नको, ६० चीच न्या, कारण ९० वालीची टेप पातळ असते आणि बिघडलेल्या मशीनमध्ये ती आधी गुंडाळली जाते. सोबत वायरवाला हेडफोन, आणि टॉर्चला मोबाइल आहेच.

सगळ्यात आधी मागचं सेलचं झाकण उघडा. या मशीनना जाडे डी साइजचे सेल लागतात, कुठे सहा, कुठे आठ, कुठे दहा, आणि एक सेल दीड व्होल्टचा म्हणजे ९, १२ किंवा १५ व्होल्ट. कुणीतरी सेल आत ठेवूनच मशीन माळ्यावर टाकलेलं असतं, सेल फुटून गळतात आणि स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा थर चढतो. थर फक्त स्प्रिंगा-पट्ट्यांवर असेल तर घाबरू नका. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली असतं, व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून पुसलं की निघतं, नंतर स्पिरिटने पुसून कोरडं करायचं, झालं. पण तोच हिरवेपणा वायरींवरून आत उतरलेला दिसला, कप्प्याचा तळ फुगलेला असला, तर आतल्या बोर्डाच्या रेघाही खाल्ल्या गेल्या असणार, तिथे मी स्वतः हात जोडते आणि निघते.

मग बाहेरचं बघा, आणि इथे बहुतेक लोक उलटा हिशोब करतात असं मला वाटतं. मोटर फिरत नाही म्हणून मशीन सोडतात आणि एक नॉब गायब आहे, कॅसेटचं झाकण तुटलंय, याकडे 'होईल काहीतरी' म्हणून दुर्लक्ष करतात. मोटर मिळते, बेल्ट मिळतो, कपॅसिटर तर कुठेही मिळतात. त्या मॉडेलचं झाकण आणि त्या आकाराचा नॉब मात्र आता कुणी बनवत नाही, त्यासाठी दुसरं तसंच मशीन फोडावं लागतं. म्हणून बंद पडलेलं पण अंगाने पूर्ण असलेलं मशीन मी वाजणाऱ्या पण मोडक्या मशीनच्या आधी घेईन. कॅसेटच्या झाकणाला बिजागरीपाशी प्लास्टिकचे दोन बारीक कान असतात ते नक्की बघा, नेहमी तेच तुटतात. एरियल वाकलेली असली तरी चालेल, ती बदलता येते.

जाळीतून टॉर्च मारून स्पीकर बघा. स्पीकरच्या कोनच्या, म्हणजे शंकूसारख्या पडद्याच्या, कडेला कागदाची किंवा कापडाची वळी असेल तर ती टिकलेली असते, फोमची असेल तर इतक्या वर्षांत तिचा भुगा झालेला असायची शक्यता फार, आणि मग मोठ्या आवाजाला स्पीकर फडफडतो. फोमची कडा नवी बसवता येते, पण ते काम वेळखाऊ आहे, एवढं धरून चाला.

वायर सॉकेटमध्ये घालायच्या आधी मागची पट्टी वाचा, ही पायरी कृपा करून चुकवू नका. फक्त जपानसाठी बनलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेचं १२० च्या आसपास, बाकी बऱ्याच जगात २२० ते २४०. काहींना मागे व्होल्टेजचा छोटा सिलेक्टर असतो, तो कुठे ठेवलाय ते बघा. १०० चं मशीन २३० ला लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो वास आला की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. सिलेक्टर नसेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मधे लावा किंवा सरळ सेलवर तपासा.

आता लावा. आधी कॅसेट न घालता झाकण उघडं ठेवून प्ले दाबा. आत दोन दातेरी खुंट्या असतात, त्यातली टेप गुंडाळून घेणारी जी आहे ती न अडखळता फिरली पाहिजे. तिला बोटाने हलकेच थांबवा, बोटाला थोडी ओढ जाणवली पाहिजे आणि बोट काढल्या काढल्या ती परत फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर कॅसेट घालूच नका, कारण एका बाजूने टेप पुढे ढकलली जाणार आणि दुसरीकडे गोळा करायला कुणी नाही, यालाच आपण टेप खाल्ली म्हणतो. फिरत असेल तर आपली कॅसेट घाला, मिनिटभर वाजवा, थांबवा, बाहेर काढून टेपची कड बघा. चुरगळली नसेल तर पुढे-मागे पळवून बघा, आणि शेवटी आपल्याच कॅसेटवर दोन वाक्यं बोलून रेकॉर्ड करून ऐका. दुकानात पडलेल्या दुसऱ्या कुठल्याही कॅसेटवर रेकॉर्डचं बटण दाबू नका, का ते शेवटच्या उत्तरात येईल.

आणि ती रेडिओची खरखर? नॉब फिरवताना येत असेल तर ती धूळ आहे, जवळजवळ फुकटात जाते.

प्रश्न : ताई नमस्कार, घेतला आणि घरी आणला, पण उजवा स्पीकर मधेच जातो. टपली मारली की येतो, परत जातो. दुरुस्तीवाले काका म्हणाले आयसी गेलाय, तो मिळत नाही, ठेवून द्या शोकेसमध्ये. खूप वाईट वाटलं. खरंच संपला का?

उत्तर : नाही संपला. टपलीने जो आवाज परत येतो तो आयसीचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिपचा, दोष सहसा नसतो. कुठेतरी दोन धातू एकमेकांना नीट टेकत नाहीयेत, एवढंच.

शोधायचं कसं ते सांगते, हत्यार काहीही लागत नाही. आधी रेडिओ ऐका, मग टेप ऐका. एक बाजू फक्त टेपवर जात असेल आणि रेडिओवर दोन्ही नीट असतील, तर दोष टेपच्या भागात. दोन्हीवर जात असेल तर व्हॉल्यूम-बॅलन्सच्या नॉबपासून पुढे कुठेतरी. आता हेडफोन लावा. हेडफोनमध्ये दोन्ही कानांत छान येतंय आणि स्पीकरलाच एक बाजू नाही, तर हेडफोनचं भोक बघायचं. त्या भोकात एक छोटी पट्टी असते, पिन आत गेली की ती स्पीकर तोडते आणि पिन काढली की परत जोडते. वर्षानुवर्षं कुणी पिन घातलेलीच नसते, पट्टी काळी पडते आणि एक बाजू तुटलेलीच राहते. पिन वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. एवढ्याने बरे झालेले स्टीरिओ मी पाहिलेत. तसंच वायरच्या सॉकेटचं. बऱ्याच मशीनमध्ये वायर घातली की सेल आपोआप कटतात, म्हणून 'सेलवर चालत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मशीनमध्ये कधीकधी सेलचा काही संबंधच नसतो, सॉकेटमधली पट्टी चिकटलेली असते.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते रेकॉर्ड-प्लेच्या स्विचबद्दल, कारण तो बाहेरून दिसत नाही आणि म्हणून कुणाला आठवतच नाही. या मशीनमध्ये बहुतेक वेळा एकच हेड रेकॉर्डही करतं आणि वाजवतंही, आणि आतलं सर्किटही बरंचसं सामाईक असतं. त्यामुळे रेकॉर्ड दाबल्यावर सगळ्या वाटा एकदम उलट्या कराव्या लागतात, ते काम बोर्डावरचा एक लांबलचक सरकता स्विच करतो, त्यात कॉन्टॅक्टच्या ओळीच्या ओळी असतात. रेकॉर्डिंग कुणी करत नाही, म्हणजे स्विच वीस-तीस वर्षं जागचा हलत नाही, कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि त्यातला एक जरी रुसला तरी एक बाजू जाते, नाहीतर आवाज दबका येतो, नाहीतर शिट्टी वाजायला लागते.

उपाय असा. वायर काढा, सेल काढा, मागचं कव्हर उघडा, स्विच सापडला की त्याच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारा आणि स्विच तीस-चाळीस वेळा सरकवा. गंजाचे बोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, तो मागे चिकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. कव्हर उघडायची भीती वाटत असेल तर न उघडता, जिच्या मागच्या कडेच्या टॅब, म्हणजे प्लास्टिकचे छोटे तुकडे, शाबूत आहेत अशी बिनकामाची कॅसेट घालून, वायर आणि सेल न लावता रेकॉर्ड दाबा-सोडा, दाबा-सोडा करत राहा. कॅसेट लागते कारण मागची टॅब नसेल तर रेकॉर्डचं बटण दबतच नाही, तशी खीळच असते. थोडा धीर धरा, निम्म्या वेळा तरी नुसत्या सरकवण्याने आवाज परत येतो असा माझा अनुभव आहे. माझा स्वतःचा स्टीरिओ असाच परत आला. विकणाऱ्याने भंगार म्हणूनच दिला होता, संध्याकाळी स्विच साफ केला, आणि बंद पडलेल्या बाजूने तबला आला तेव्हा मी खरंच हातातलं सगळं खाली ठेवून बसून राहिले.

काकांवर रागावू नका. आयसी बदलणं ही शेवटची पायरी, तिच्या आधीच्या या पायऱ्या तुम्ही घरी करून मग त्यांच्याकडे जा आणि काय काय करून झालं ते सांगा, त्यांचाही वेळ वाचेल.

प्रश्न : माझ्याकडच्यात गाणं चालू असताना आवाज मधेच जड, घोगरा होतो, मग परत सरळ होतो. काल एक कॅसेट खाल्ली. मोटर गेली का?

उत्तर : आधी वाजवणं थांबवा, आणखी कॅसेट घालू नका.

मोटरचा नंबर शेवटी. आधी बेल्ट. टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने सरकली पाहिजे, आणि तो वेग सांभाळायला मोटरपासून एका जड चाकापर्यंत रबरी बेल्ट गेलेला असतो. रबर म्हातारं झालं की सैल पडतं आणि घसरतं, कधी तर वितळून डांबरासारखं चिकट काळं होतं आणि पुलीला बसतं. हाताला लागलं तर दोन दिवस जात नाही, हातमोजे घाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचे बोळे घेऊन ते सगळं पुसून काढायचं, पुलीच्या खाचेत जरासं जरी राहिलं तरी नवा बेल्टही हिसके देणार. नवा बेल्ट जुन्याच्या मापाचा आणू नका, कारण जुना ताणून मोठा झालेला असतो, साधारण ५ ते ७ टक्के लहान घ्या. घरातलं साधं रबरबँड लावायचा मोह सगळ्यांना होतो, नका लावू. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून दर फेऱ्याला गाणं डुलतं.

मग टेपला ओढणारा रबरी रोलर. तो काळाभोर आणि मऊ असायला हवा, चकचकीत आणि टणक झाला असेल तर टेप त्यावरून सरकते किंवा तिरकी जाऊन अडकते, तुमची कॅसेट बहुतेक तिथेच गेली. तपकिरी थर असेल तर किंचित ओल्या बोळ्याने पुसून कोरडा करा. त्याच्या शेजारची पोलादी काडी आणि हेड मात्र अल्कोहोलने लख्ख पुसा.

हे सगळं झाल्यावरही वेग चुकत असेल तरच मोटरला हात. बऱ्याच मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं आणि आत स्क्रू, तो अगदी केसभर फिरवायचा. मापायला ३००० किंवा ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट कॅसेट मिळते आणि मोबाइलवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप. ती नसेल तर कॅसेटवरचंच गाणं मोबाइलवर लावून सूर जुळवा. हार्मोनियमच्या काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येत असेल तर मशीन साधारण ६ टक्के जोरात पळतंय. ज्यांचा कान सुराला पक्का आहे त्यांना ॲपची गरजही पडत नाही.

प्रश्न : जपानी मशीन घेतलं, दिसायला अप्रतिम, पण एफएमवर एखाददुसरंच स्टेशन लागतं. एरियल बदलली तरी तेच. काय बिघडलंय?

उत्तर : काहीच नाही. डायलवरचे आकडे बघा, ७६ पासून ९० पर्यंतच असतील. जपानचा एफएम पट्टा तसाच होता, बाकी बहुतेक जगात तो ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, त्यामुळे दोघांमध्ये सामाईक आहे ती डायलच्या टोकाची चिंचोळी जागा. ट्यूनर बदलून घेता येतो पण मी तो खेळ करणार नाही, टेपसाठी वापरा. आणि हेही ध्यानात असू द्या की काही देशांत एफएमच आवरतं घेतायत, नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय स्टेशनं एफएमवरून काढली, स्वित्झर्लंडच्या सरकारी रेडिओने २०२४ च्या शेवटी. तिथल्या वाचकांना फक्त खरखर ऐकू आली तर त्यात मशीनचा दोष नाही.

प्रश्न : ताई, खरं खरं सांगा. मी महिनाभर राबून स्टीरिओ चालू केला, मुलाने त्याचा तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर शेजारी ठेवला आणि म्हणाला आई, याचा आवाज भारी आहे. मला उत्तर सुचलं नाही. आपण फक्त आठवणींसाठी हे करतो का?

उत्तर : मुलगा एका बाबतीत बरोबर आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करूया. छोट्या स्पीकरमध्ये आत चिप असते, ती आवाजाला सतत सावरून घेते, म्हणून एवढ्याशा डबीतून एवढा बास येतो. तुमच्या स्टीरिओला असं कुणी सावरत नाही. शिवाय पेटीवर लिहिलेले वॉटचे मोठे आकडे मनावर घेऊ नका, पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, सतत मिळणारी ताकद एका बाजूला काही वॉट एवढीच असते. टेपची सूंसूं असतेच, ती घालवायला डॉल्बी बी आलं, पण सगळ्या टू-इन-वनमध्ये ते नसतं, आणि डॉल्बीत भरलेली कॅसेट साध्या मशीनवर वाजवली की आवाज टोचरा वाटतो. तिथे ट्रेबल थोडा उतरवा, मशीनला दोष देऊ नका.

आता माझ्या मशीनबद्दल जे वाटतं ते लिहिते, त्यात तुमचं उत्तर सापडेल. माझा आठ सेलचा आहे, नुसते सेलच एक किलोच्या वर जातात, उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचा तर दोन्ही हात लागतात. बास खोल नाही. पण माणसाचा गळा त्यातून जसा येतो तसा माझ्या कुठल्याही छोट्या स्पीकरमधून येत नाही, कारण मधल्या पट्टीतला आवाज कागदाच्या चांगल्या मोठ्या कोनमधून येतो आणि त्याला पेटीत जागाही आहे. दुसरं म्हणजे डावं-उजवं. दोन स्पीकरमध्ये हातभर अंतर आहे, समोर बसलं की तानपुरा एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला वेगळा कळतो, तळहाताएवढ्या डबीत ते अंतर आणणार कुठून. स्टीरिओ वाइडचं बटण आहे ते मी बंदच ठेवते. ते एका बाजूचा थोडा आवाज उलटा करून दुसरीकडे मिसळतं, म्हणून फैलाव मोठा वाटतो खरा, पण मधोमध गाणारा माणूस पातळ होतो. एफएम सुंदर, टेप मध्यम, लोह-ऑक्साइडच्या साध्या टेपवर बरं, क्रोम टेपवर जास्त मोकळं, फक्त टेपच्या प्रकाराचा सिलेक्टर त्या त्या कॅसेटप्रमाणे ठेवावा लागतो. रेकॉर्डिंग मात्र अजूनही फार स्वच्छ होतं, याचं मलाही आश्चर्य वाटलं.

आणि कॅसेटचं काय सांगू, फिलिप्सने १९६३ मध्ये लू ऑटन्स यांच्या टीमची ही कॅसेट बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आणली तेव्हा ती मोठ्या रिळांच्या मानाने सुटसुटीत, खिशात मावणारी गोष्ट म्हणून आणली होती, उत्तम संगीतासाठी नव्हे. तेवढ्या, चार मिलिमीटरहूनही अरुंद पट्टीवर दोन्ही बाजूंचं स्टीरिओ संगीत बसवायला पुढे किती डोकी राबली. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि ऐकणं एकट्याच्या कानात गेलं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शार्पचा जीएफ-७७७ किंवा जेव्हीसीचा आरसी-एम९० असले दांडगे स्टीरिओ निघाले, ते अख्ख्या खोलीला ऐकवायला. मला हे दुसरं जास्त जवळचं वाटतं.

म्हणून मुलाला सांगा, तुझ्या स्पीकरचा बास भारी आहे, आता समोर बस, डोळे मीट आणि तबला कुठल्या बाजूला आहे ते सांग.

प्रश्न : आत ब्लूटूथ बसवून मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण कापून बसवू नका. मागे लाइन इन किंवा ऑक्सची, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायची, भोकं आहेत का बघा, काही युरोपीय मशीनला पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं, त्याची वायर मिळते. त्याला बाहेरून छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावा, वेगळ्या सेलवरचा घ्या म्हणजे हूंऽऽ असा आवाज येत नाही. काहीच भोक नसेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो तो चालतो. टेपचा डेक काढून त्या जागी सर्किट बसवलेली मशीन मी पाहिलीत, मला ते बघवत नाही.

प्रश्न : ताई, मी घेतलेल्या स्टीरिओत एक कॅसेट आत राहिलेली निघाली. लेबल नाही. थोडीशी वाजवली तर गाणी नाहीत, कुणाच्या तरी घरातला आवाज आहे, एक बाई लहान मुलाला कविता म्हणायला शिकवतेय आणि मागे कुणीतरी हसतंय. मी बंद केला. आता काय करू कळत नाहीये.

उत्तर : बंद केलात ते फार चांगलं केलंत. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आता पहिलं काम म्हणजे कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही टॅब मोडून टाका. त्या मोडल्या की तिच्यावर चुकून रेकॉर्ड होऊच शकत नाही, आणि एकदा पुसलेला आवाज कुठल्याही दुकानात परत मिळत नाही. तुमच्या स्टीरिओत ती परत घालू नका, निदान बेल्ट-रोलर साफ होऊन दुसऱ्या दोन-तीन कॅसेट नीट वाजेपर्यंत तरी नाही.

मग उजेडात बघा. टेपवर पांढरी बुरशी आहे का, असेल तर वाजवू नका, बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. टेपच्या मागे मधोमध फेल्टचा बारीक तुकडा असतो, तो जागेवर आहे का बघा. जुना गोंद सुकून तो गळून पडतो आणि मग आवाज पुटपुटल्यासारखा येतो, लोकांना वाटतं टेप गेली. स्क्रूवाली दुसरी एखादी कॅसेट उघडून तिच्या रिकाम्या पेटीत ही रिळं हलवता येतात, हात स्थिर असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, नसेल तर जाणत्याकडून करून घ्या. आधी पेन्सिलने हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतील.

सगळं ठीक वाटलं की चांगल्या डेकवर एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू वाजवा आणि हेडफोनच्या किंवा लाइनच्या भोकातून वायरने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पहिल्याच वेळेला रेकॉर्डिंग चालू ठेवा, 'आधी ऐकून बघू' असं करू नका, जुनी टेप दुसऱ्यांदा तशीच वाजेल याची खात्री नसते. आवाजाची पातळी लाल रेघेच्या बरीच खाली ठेवा. सूंसूं कमी करायच्या भानगडीत लगेच पडू नका, मूळ फाइल जशी आहे तशी बाजूला ठेवा, दोन ठिकाणी ठेवा.

आणि दुकानात परत जा. स्टीरिओ कुठून आला हे दुकानदाराला बरेचदा आठवत असतं, कुणी घर रिकामं केलं, कुणी बदली झाली म्हणून विकलं. घराचा पत्ता मागू नका, तो देणारही नाही आणि देऊही नये, फक्त एवढं विचारा की ही कॅसेट आत राहिली होती, तुम्ही त्यांना निरोप द्याल का. फाइल तोपर्यंत कुठेही टाकू नका, कुणाला पाठवू नका, तो त्यांच्या घरातला आवाज आहे. उत्तर आलं तर कॅसेट त्यांना द्या, सोबत उतरवलेली फाइलही द्या, कारण त्यांच्याकडे आता वाजवायला मशीन नसणार, ते तर तुमच्याकडे आहे.

उत्तर नाही आलं तर कॅसेट डबीत घालून उभी ठेवा, ऊन आणि स्पीकरचे मॅग्नेट यांपासून लांब, आणि डबीवर एक चिठ्ठी लावा, कधी आणि कुठल्या स्टीरिओत सापडली ते लिहून.